पाण्यावरची वाट

आमच्या धर्मग्रामातील युवकांना अलिबागकडची बेटे पाहायची होती. मोटारी किती लागतील, त्या कोणाच्या, कोणी कोठे बसायचे, असा हिशेब चालला असताना आम्ही मध्येच एक अट घातली. मोटार न्यायची नाही. लाँच, एस.टी., टांगा, होडी आणि आपले दोन पाय यांच्या भरवशावर चार दिवस काढायचे. क्षणभर कोणी बोलेना. मग एकाने धीर करून विचारले, "पण फादर, मोटारीवाचून बेटांवर पोहोचायचे कसे?"

प्रश्न ऐकून आम्हाला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. मोटार बेटावर पोहोचतच नाही. ती फार तर किनाऱ्यावर उभी राहून आपली वाट पाहते. ज्या किनाऱ्यावरील माणसे शेकडो वर्षे बाजाराला, लग्नाला, तीर्थाला आणि लढाईलाही पाण्यावरूनच गेली, त्या किनाऱ्याच्या नातवंडांना आज हा प्रश्न पडावा, यातच एक इतिहास दडलेला आहे. त्या इतिहासाच्या मागावर आम्ही निघालो. परत आलो तेव्हा एक गोष्ट मनात पक्की झाली होती. बेट अंतरामुळे दूर होत नाही. त्याच्याकडे जाणारी वाट मोडली म्हणजे ते दूर होते.

भाऊचा धक्का ते रेवस

शुक्रवारी पहाटे वसईहून निघून आम्ही डॉकयार्ड रोड स्थानकावर उतरलो आणि चालत भाऊच्या धक्क्यावर आलो. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य या गृहस्थांना लोक आदराने 'भाऊ' म्हणत. त्यांच्या नावाने हा धक्का आजही ओळखला जातो. मासळीचा वास, टोपल्यांची गर्दी, खलाशांच्या आरोळ्या यांतून वाट काढत आम्ही रेवसच्या लाँचमध्ये बसलो.

या मार्गाला मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात वाफेवर चालणाऱ्या आगबोटी आल्या आणि कोकणची बंदरे मुंबईला जोडली गेली. गोऱ्यांच्या कंपन्यांचा या धंद्यावर ताबा होता. पुढे स्वदेशीच्या काळात कोकणच्या माणसांनी सहकारी तत्त्वावर आपली कंपनी काढली. तिचे कागदावरचे नाव लांबलचक इंग्रजी होते. लोकांनी मात्र तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हटले. त्या 'माझी' या शब्दात केवढा अभिमान आहे! बोटींना नावेही लोकांच्या श्रद्धेतील दिली गेली : तुकाराम, रामदास, संत अँथनी, संत फ्रान्सिस. वारकरी आणि ख्रिस्ती दोघांनीही आपापल्या संताच्या नावावर विसंबून समुद्र ओलांडावा, अशी ती योजना होती.

परंतु समुद्र नावे वाचत नाही. १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये एकाच दिवशी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी कोकणच्या किनाऱ्याजवळ वादळात बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजी सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' थोड्याच वेळात काश्याच्या खडकाजवळ कलंडली. त्या दिवशी आषाढी अमावास्या होती. मुंबईत पोटासाठी राहणारे अलिबाग, पेण, रोहा, माणगावकडचे चाकरमाने सणाला घरी चालले होते. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. वाचलेली माणसे किनाऱ्याला लागली तेव्हाच मुंबईला बातमी कळली. जे वाचले त्यांतील पुष्कळांना मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. स्वातंत्र्यदिन अवघ्या चार आठवड्यांवर आला होता. राष्ट्र आपल्या मोठ्या दिवसाची तयारी करीत होते, त्या धामधुमीत ही सहाशे प्रेते किनाऱ्यावरील गावांच्या स्मरणात राहिली आणि पुस्तकांतून जवळजवळ पुसली गेली.

आमच्या शेजारी रेवसकडच्या एक आजी बसल्या होत्या. लाँच मध्यावर आली तेव्हा त्यांनी पदर सावरून पाण्याकडे हात जोडले. आम्ही कारण विचारले. त्या म्हणाल्या, "बाळा, आमचा मोठा काका त्या रामदासमध्ये होता. माझा तेव्हा जन्मही नव्हता. पण आईने जागा दाखवून ठेवली आहे." आमच्यातील युवकांनी मोबाइल खिशात ठेवले. पुढचा प्रवास सारे मुकाट्याने बसून होते.

तिथीची पाऊणपट

रेवसहून एस.टी.ने अलिबागला पोहोचलो तेव्हा दुपार होत आली होती. समोर समुद्रात कुलाब्याचा किल्ला दिसत होता आणि मंडळी धावत सुटण्याच्या बेतात होती. टांगेवाल्या मामांनी त्यांना अडवले. "आज तिथी कोणती?" त्यांनी विचारले. कोणालाच सांगता येईना. मामांनी मग कोकणातील पूर्वापार चालत आलेला हिशेब समजावून दिला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. त्या दिवशी दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातला भरती आणि दीड-पावणेदोनच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप हटते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार बेताची. ज्याला घड्याळ ठाऊक नव्हते त्यालाही आकाशातील चंद्र पाहून घरी परतण्याची वेळ कळत असे.

आम्ही थांबलो आणि दीडच्या सुमारास काही टांग्यातून, काही चालत, किल्ल्यात शिरलो. कोठे घोट्याएवढे, कोठे गुडघ्याएवढे पाणी होते. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये, आपल्या आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत, या खडकावर किल्ला बांधण्यास आरंभ केला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. पुढे हा किल्ला कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ठाणे झाला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांनी एकत्र येऊन, जमिनीवरून आणि समुद्रावरून, त्याच्यावर चाल केली. त्यांना हात हलवीत परतावे लागले. १७२९ मध्ये कान्होजी निवर्तले. त्यांची समाधी अलिबाग शहरातच आहे. किल्ल्यातील गणपतीचे देऊळ राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधले. १८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले आणि या खडकाचे नाव साऱ्या जिल्ह्याला मिळाले. कुलाबा जिल्ह्याचे रायगड हे नामांतर १९८१ मधले.

इतिहासाच्या पुस्तकात या किल्ल्याला दुर्गम म्हटलेले असते. हा शब्द आम्हाला त्या दिवशी नीट समजला. कुलाबा दिवसातून दोनदा बेट होतो आणि दोनदा जमिनीला जोडला जातो. ज्याला हे गणित येत होते त्याच्यासाठी तो घरापुढचे अंगण होता. ज्याला येत नव्हते त्याच्यासाठी सापळा. किल्ल्याची अर्धी तटबंदी दगडाची होती, उरलेली अर्धी ज्ञानाची. आणि ते ज्ञान राजदरबारी नव्हते; ते कोळ्यांच्या, भंडाऱ्यांच्या, होडी वल्हवणाऱ्यांच्या घरी होते.

खांदेरीची रसद

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीच्या वेळेला आम्ही थळच्या किनाऱ्यावर होतो. समोर उंदेरी आणि तिच्या पलीकडे खांदेरी. आम्हाला येथे नियमित फेरी आढळली नाही; मच्छीमारांशी बोलून होडी ठरवावी लागली. तांडेल वयाने आमच्याएवढेच होते. पैशांची बोलणी होण्यापूर्वी त्यांनी वाऱ्याकडे पाहिले, मग आमच्यातील मुले मोजली, आणि मगच होकार दिला. त्या क्रमाने आमच्या मनात त्यांच्याविषयी आदर उत्पन्न झाला.

१६७९ मध्ये पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांनी खांदेरीवर माणसे उतरवून तट बांधायला घेतला. मायनाक भंडारी या दर्यावर्दी सरदाराकडे ते काम होते. मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. कारण त्यांच्या बंदराच्या तोंडावरच हे ठाणे उभे राहत होते. त्यांनी मोठी जहाजे पाठवून बेटाला वेढा घातला. परंतु बेटावर दगड, चुना, धान्य आणि दारूगोळा पोहोचतच राहिला. कसा? थळच्या आणि नागावच्या खाडीतून लहान, उथळ बुडाच्या होड्या रात्री निघत आणि वल्ह्यांच्या जोरावर इंग्रजी जहाजांच्या मधून निसटून जात. मोठ्या जहाजांना वारा लागत असे आणि खोल पाणी लागत असे. होडीला यांतले काहीच लागत नसे. ऑक्टोबरात दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर हल्ला चढवला आणि 'डव्ह' नावाचे त्यांचे गलबत पकडले. इंग्रजांच्या बाजूने सिद्दी आला आणि जानेवारी १६८० मध्ये त्याने शेजारच्या उंदेरीत ठाण मांडले. तरीही खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. १८१८ मध्ये मराठी राज्यच गेले तेव्हा ती गेली.

बेटावर १८६७ मध्ये उभारलेले दीपगृह आहे. कोळी बांधव मोठ्या भक्तीने ज्याला मानतात तो वेताळ आहे, आणि दाऊद पीर यांचा दर्गाही आहे. दगडाने ठोकला असता धातूसारखा वाजणारा एक खडक आहे; आमच्या युवकांनी तो मनसोक्त वाजवला. १९९८ मध्ये या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत केला, त्यांत खांदेरी आहे.

ही बातमी तांडेलांना ठाऊक होती. आम्ही त्यांचे अभिनंदन केले. ते म्हणाले, "फादर, किल्ला यादीत गेला, चांगलेच झाले. आता आमची होडी त्या यादीत बसते का, ते बघायचे." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. परंतु आमच्याजवळ उत्तर नव्हते. तीन शतकांपूर्वी ज्या होड्यांनी हा किल्ला जगवला, त्या होड्यांच्या वारसांना उद्या या किल्ल्याशी काही काम उरेल, की मोठ्या वेगवान बोटी पाहुण्यांना परस्पर ने-आण करतील आणि हे लोक किनाऱ्यावरून पाहत राहतील? वारसा म्हणजे केवळ दगड नव्हेत. त्या दगडांपर्यंत पोहोचण्याची विद्याही वारसाच आहे.

फुटलेले तारू

थळला लागूनच नवगाव आहे. येथे थांबल्यावाचून पुढे जाणे आम्हाला योग्य वाटले नाही. बेने इस्राएल समाजाची परंपरा अशी की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे तारू या किनाऱ्याजवळ फुटले आणि त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्या वंशजांनी कोकणच्या गावांत तेल गाळण्याचा व्यवसाय केला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. किहीमचे केहिमकर, नवगावचे नवगावकर, रोह्याचे रोहेकर अशी त्यांची आडनावे झाली. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्राएलला गेली. तेथेही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. अलिबागेत त्यांचे प्रार्थनामंदिर अजून उभे आहे.

तेथे उभे असताना प्रेषितांच्या कृत्यांतील शेवटचे अध्याय आम्हाला आठवले. संत पौलाचे जहाज वादळात सापडून माल्टा बेटाशी फुटले. जहाजावर २७६ जण होते आणि सारे वाचले. भिजलेल्या, कुडकुडणाऱ्या त्या परक्यांसाठी बेटावरील लोकांनी शेकोटी पेटवली. संत लूकने त्या शेकोटीची आवर्जून नोंद केली आहे. नवगावच्या किनाऱ्यावर अशी शेकोटी कोणी पेटवली होती काय, याची लेखी नोंद नाही. परंतु परका समाज शेकडो वर्षे येथे आपला वार पाळून सुखाने नांदला, ही नोंद काय कमी आहे? पाण्यावरची वाट केवळ माल आणत नाही. ती माणसे आणते, आणि किनाऱ्याची परीक्षा घेते.

कोर्लई : जमिनीवरचे बेट

शनिवारी सायंकाळी आम्ही एस.टी.ने चौल-रेवदंड्याकडे निघालो. चौल हे फार प्राचीन बंदर. ग्रीक ग्रंथांतही त्याचा उल्लेख सापडतो. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा विकण्याच्या आशेने येथेच उतरला होता. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत पोर्तुगीज आणि इजिप्तचे आरमार यांची लढाई झाली आणि व्हाइसरॉयचा पुत्र दों लोरेन्सो द आल्मेदा तेथे मारला गेला. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन आणि येशूसंघीय अशा चारही संघांचे मठ त्या कोटात होते. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांतून त्यांच्या भिंती उभ्या आहेत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा मनोरा लोक 'सातखणी' म्हणून ओळखतात.

खाडीच्या पलीकडच्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो अहमदनगरच्या निजामशाहीकडून घेतला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी आमची वसई जिंकली आणि पुढच्या वर्षीच्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज अधिकारी, धनिक आणि ज्यांना जाणे परवडत होते ते गोव्याला निघून गेले. मागे राहिले ते गरीब ख्रिस्ती शेतकरी आणि कामकरी. ते कोर्लईच्या पायथ्याशी वसले. त्यांना कोणी नेले नाही, आणि येथे ठेवून घेण्यासाठीही कोणी खास आले नाही.

रविवारी सकाळी माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये आम्ही मिस्सा अर्पण केला. मिस्सानंतर पायऱ्यांवर बायामाणसे गप्पा मारू लागली आणि आमचे युवक कान टवकारून ऐकत राहिले. ती ना मराठी होती, ना कोकणी. पोर्तुगीज शब्द मराठी वळणाने चालत होते. गावकरी तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली बोली'. क्लान्सी क्लेमंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने या बोलीवर १९९६ मध्ये एक संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणारे हजाराहूनही कमी. तरी राज्यकर्ते जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, बोली टिकली.

का टिकली? विद्वान अनेक कारणे सांगतात. त्यांतील एक कारण भूगोलाचे आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी, आणि धर्म शेजाऱ्यांहून वेगळा. कोर्लई जमिनीला जोडलेली असूनही बेटच होती. रेवदंड्याला जायचे तर तरीवाचून गत्यंतर नव्हते. पुढे रेवदंडा-साळाव पूल झाला. मुलांच्या शिक्षणाच्या आणि नोकरीच्या वाटा रुंदावल्या. घरातल्या बोलीची जागा मराठी घेऊ लागली.

येथे आमच्यातील एका मुलीने हळहळून म्हटले, "पूल झाला नसता तर बरे झाले असते." तिचे बोलणे शेजारी उभ्या असलेल्या एका मावशींनी ऐकले. त्या हसून म्हणाल्या, "बाई, अडलेल्या बाळंतिणीला रात्रीच्या वेळी तरीतून न्यायला लागले असते तुला, मग असे म्हणाली नसतीस." आम्ही ते उत्तर मनात जपून ठेवले आहे. दुर्गमता हे पाहुण्याला वैभव वाटते. राहणाऱ्याला ती शिक्षा असते. दुसऱ्याच्या एकाकीपणात आपण सौंदर्य शोधू नये. बोली जगवायची ती पूल पाडून नव्हे. आईने मुलाशी ती बोलून, आणि आपण तिला हसून नव्हे तर मान देऊन ऐकून.

समुद्रात टाकलेले दगड

त्याच दुपारी आम्ही मुरूडमार्गे राजपुरीला गेलो. जंजिऱ्याला आजही शिडाच्या होड्या नेतात. वारा भरला की शीड ताणते आणि होडी कलते. खलाशी मात्र घरच्या ओसरीवर बसल्यासारखा निवांत असतो. हा किल्ला अबिसिनियातून आलेल्या सिद्दींचा. आंग्रे, पेशवे, पोर्तुगीज, इंग्रज, कोणालाही तो जिंकता आला नाही. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले तेव्हाच त्याचे दरवाजे खऱ्या अर्थाने उघडले.

१६८२ मध्ये संभाजी महाराजांनी एक अद्भुत प्रयत्न केला. राजपुरीच्या किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगड टाकून समुद्रातच सेतू बांधावा, असे त्यांनी ठरवले आणि काम सुरूही झाले. तेवढ्यात मोगलांचे सैन्य कोकणात उतरले आणि ते सोडून द्यावे लागले. जगाच्या इतिहासात याला एक जोड आहे. इसवी सनापूर्वी ३३२ मध्ये अलेक्झांडरने तायर हे बेटावरील नगर याच रीतीने घेतले. शुभवर्तमानात ज्या सोर-सिदोनचा उल्लेख येतो, त्यांतील सोर ते हेच. अलेक्झांडरचा बांध पुरा झाला, नगर पडले, आणि बांधाभोवती वाळू साचत जाऊन तायर कायमचे जमिनीला चिकटले. आज तायर बेट नाही. जंजिरा अजून बेट आहे, कारण तो सेतू अपुरा राहिला.

जेत्याला बेट नेहमी जमिनीसारखे करावेसे वाटते. होडीवाल्याला त्याची गरज भासत नाही. तो बेटाला बेटच राहू देतो आणि तरीही रोज तेथे जातो.

परतीची लाँच

सोमवारी मांडव्याहून आम्ही गेट वेची लाँच धरली. शेजारच्या जेटीवर रो-रो बोटीच्या पोटातून मोटारी बाहेर पडत होत्या. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का आणि मांडवा यांच्यामध्ये ती चालते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतूही खुला झाला. या सोयींना आम्ही नावे ठेवणार नाही. कोर्लईच्या मावशींनी आम्हाला धडा शिकवलेला आहे. परंतु एक प्रश्न आम्ही विचारू इच्छितो. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याची वाट कोण राखतो?

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांना जाणाऱ्या बोटी सरकारी मालकीची कंपनी चालवते. ग्रीसमध्ये लहान बेटांच्या तोट्यातील फेऱ्यांना सरकार पैसे देते. तेथे बोट ही रस्त्याचाच एक भाग मानली जाते. आपल्याकडे कोकणच्या बंदरांना शिवत जाणारी प्रवासी आगबोट १९८० च्या दशकात बंद पडली, आणि एकेका बंदराची वाट हळूहळू विस्मरणात गेली.

गेट वेजवळ घारापुरीच्या बोटी नांगरून पडल्या होत्या. सोमवारी लेणी बंद असतात. घारापुरी रायगड जिल्ह्यातच मोडते. तेथील लेणी १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. देशोदेशीचे पाहुणे तेथे रोज जात; पण बेटावरील गावकऱ्यांच्या घरी समुद्राच्या तळातून केबल टाकून वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. रामदास बुडाल्याला तेव्हा सत्त्याहत्तर वर्षे झाली होती. समुद्रावरील प्रवाशाच्या जिवाची काळजी घेण्यासाठी प्रत्येक वेळी आधी प्रेते का मोजावी लागतात?

म्हणून आमचे पालकांना आणि युवकांना एवढेच सांगणे आहे. एकदा मोटार घरी ठेवून या वाटेने जा. जाताना तिथी विचारा. तांडेलाचे नाव विचारा आणि त्याला त्याचा दाम घासाघीस न करता द्या. लाइफ जॅकेट मागून घ्या. ते नसेल तर बसू नका आणि तसे सांगा. काश्याच्या खडकाजवळून जाताना क्षणभर हात जोडा. रामदासच्या त्या सहाशे जणांत आपले कोणी नव्हते असे समजू नका; सणाला घरी निघालेला प्रत्येक माणूस आपलाच असतो.

लाँचमधून उतरताना, मोटारीवाचून कसे पोहोचणार असे विचारणारा तो मुलगा आमच्याजवळ आला. म्हणाला, "फादर, पुढच्या अमावास्येला उधाण आहे. कुलाब्याला जायचे असेल तर सकाळी सहाच्या आत पोहोचावे लागेल." आम्ही मनातल्या मनात पंधराची पाऊणपट केली. हिशेब बरोबर होता.